बँकांची कार्यक्षमता कशी मोजतात?

हाती असलेल्या ठेवी, भांडवल, कर्मचारी आणि शाखा यांच्या बळावर बँकेने किती व कोणत्या दर्जाचे काम केले, याचे मोजमाप म्हणजे तिची कार्यक्षमता. ती मोजण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत.

पहिली पद्धत गुणोत्तरांची. शंभर रुपयांचे उत्पन्न मिळवताना कामकाजावर किती खर्च झाला, हे खर्च-उत्पन्न गुणोत्तर सांगते. मालमत्तेच्या तुलनेत नफा किती झाला, हे मालमत्तेवरील परताव्यातून कळते. व्याज किंवा मुद्दलाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकलेले कर्ज सर्वसाधारणपणे अनुत्पादक ठरते. एकूण कर्जांतील अशा कर्जांचे प्रमाण मालमत्तेचा दर्जा दाखवते.

दुसरी पद्धत सीमारेषेची. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या ‘डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस’मध्ये उत्तम बँकांची सीमारेषा आखून इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजले जाते. तितक्याच ठेवी आणि कर्मचारी असताना एखाद्या बँकेचे कर्जवाटप सर्वोत्तम बँकेच्या ८० टक्केच असेल, तर तिला ०.८० गुण मिळतात. मात्र हे मोजमाप सापेक्ष असते. सर्वच बँका सुमार असल्या, तरी त्यांतील सर्वांत बरी बँक पूर्ण १ गुण मिळवते.

दोन्ही पद्धतींचा पाया एकच : हिशेबाच्या वह्या. त्या खोट्या असतील तर अचूक सूत्रही फसते. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण अवघे ३.७६ टक्के दाखवले होते. प्रत्यक्षात तिच्या कर्जांचा ७० टक्क्यांहून अधिक भाग एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे आणि तो हजारो बनावट खात्यांआड दडवल्याचे त्याच वर्षी समोर आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले. ठेवीदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

म्हणूनच केवळ आकड्यांवर विसंबणे पुरेसे नसते. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन, नफा, रोखता आणि अंतर्गत नियंत्रण यांची एकत्रित तपासणी करणारी ‘कॅमल्स’ पद्धत पद्मनाभन कार्यगटाने १९९५ मध्ये भारतीय बँकांसाठी सुचवली होती. ठेवीदारानेही व्याजदराबरोबर लेखापरीक्षणाचे शेरे आणि मोठ्या कर्जदारांमधील केंद्रीकरण पाहणे हितावह ठरते.