कूटकिल्लीची वाटणी : तीन कुलपांच्या पेटीपासून अनेक क्लाउडांपर्यंत

गुप्तलेखनाचा इतिहास बहुधा कूटलिपी रचणारांचा आणि त्या उकलणारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लिपीची किल्ली कोणापाशी असावी, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. वस्तुतः १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स ह्या डच भाषापंडिताने सैनिकी गुप्तलेखनावरील आपल्या निबंधात जो दंडक घालून दिला, त्यानंतर हाच प्रश्न मध्यवर्ती व्हावयास हवा होता. लेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बाध येऊ नये, असा तो दंडक होय. पद्धती उघड झाली की रक्षणाचा सारा भार किल्लीवर पडतो, आणि येथेच पेच उत्पन्न होतो. किल्लीची एकच प्रत ठेवावी, तर ती गहाळ होताच मजकूर कायमचा मुकतो. अनेक प्रती ठेवाव्यात, तर चोरीच्या वाटा तितक्याच वाढतात.

हा पेच गणिताहून जुना आहे. धर्मयुद्धासाठी निधी जमविण्याकरिता पोप तिसरा इनोसंट ह्याने ११९९ मध्ये चर्चमधून तीन किल्ल्यांच्या पेट्या ठेवण्याची आज्ञा दिली. एक किल्ली बिशपकडे, दुसरी स्थानिक धर्मगुरूकडे व तिसरी एखाद्या श्रद्धाळू गृहस्थाकडे असावयाची होती. एकट्याला पेटी उघडता येऊ नये, हा हेतू ह्या योजनेने साधला. परंतु एक किल्ली हरवली तरी पेटी बंदच राहावी, हा दोषही तिच्यात होता. 'सर्वांनी मिळून' उघडण्याची सोय झाली होती. 'पुरेशांनी मिळून' उघडण्याची झाली नव्हती.

ही दुसरी सोय कुलपांनीच करू गेल्यास काय होते, हे सी. एल. लिऊ ह्यांच्या १९६८ च्या संचयगणितावरील ग्रंथातील एका उदाहरणावरून दिसते. अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा उपस्थित असले तरच कपाट उघडावे, अशी अट आहे. कोणत्याही पाच जणांना अडविणारे एक तरी कुलूप हवे, म्हणून कुलपे ४६२ लागतात आणि प्रत्येकाला २५२ किल्ल्या बाळगाव्या लागतात. अदी शामिर ह्यांनी १९७९ मधील आपल्या निबंधाचा आरंभ ह्याच उदाहरणाने केला व त्यावर दोन पृष्ठांत उपाय सांगितला. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅक्ली ह्यांनी स्वतंत्रपणे, भूमितीच्या मार्गाने, तोच हेतू साधला.

शामिर ह्यांची युक्ती शालेय भूमितीतील आहे. एका बिंदूतून अनंत रेषा जातात; दोन बिंदूंतून एकच. गुपित म्हणजे रेषा ज्या ठिकाणी उभा अक्ष छेदते ती संख्या, असे मानून रेषेवरील निरनिराळे बिंदू पाच जणांना दिले, तर कोणाही दोघांना गुपित काढता येते. तिघांची अट हवी असल्यास रेषेऐवजी द्विघाती वक्र घ्यावा. ही आकडेमोड मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांवर केली जाते. त्यामुळे अपुरे बिंदू हाती असलेल्यास प्रत्येक उत्तर सारखेच संभाव्य राहते.

येथे परिभाषेचा विवेक आवश्यक आहे. 'किल्लीचे तुकडे' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी भ्रामक आहे. १२८ अंकांची द्विमान किल्ली मधोमध कापली, तर एक तुकडा मिळविणाऱ्याला उरलेले ६४ अंकच शोधावयाचे राहतात. त्याचे काम निम्म्याने नव्हे, २ च्या ६४व्या घाताच्या पटीने हलके होते. शामिर ह्यांच्या रीतीतील भाग हा तुकडा नव्हे, वाटा होय. वाटेकऱ्याला हक्क मिळतो, ज्ञान मिळत नाही. इंग्रजीत 'गुपित वाटून घेणे' म्हणजे एरवी ते दुसऱ्यास सांगणे. शामिर ह्यांच्या निबंधाच्या शीर्षकाने त्या शब्दाला नेमका उलट अर्थ दिला.

संगणकीय साठवण भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा, म्हणजे क्लाउडांचा, विस्तार २००६ नंतर झपाट्याने झाला, आणि जुना पेच नव्या रूपाने उभा राहिला. मजकूर व किल्ली एकाच कंपनीपाशी असली, तर कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवल्यासारखे होते. ह्यूगो क्राव्चिक ह्यांनी १९९३ मध्येच मार्ग दाखविला होता : मजकूर कूटबद्ध करून त्याचे खंड विखरावेत, आणि वाटे फक्त लहानशा किल्लीचे करावेत. लिस्बनच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डेपस्काय' ह्या प्रणालीत हीच रीत चार क्लाउडांवर योजिली होती. कोणत्याही दोहोंकडील खंड व वाटे पुरेत. एकट्या कंपनीला काहीही वाचता येऊ नये. ह्या दक्षतेचे मर्म लवकरच प्रत्ययास आले. त्या चारांपैकी निर्व्हॅनिक्स ही कंपनी २०१३ मध्ये बंद पडली, आणि ग्राहकांना आपला मजकूर हलविण्यास काही आठवडेच मिळाले. सर्वस्व तेथेच ठेवणाऱ्यांवर जे संकट आले, ते अशा योजनेत केवळ एका वाट्याची हानी ठरले असते.

तथापि ह्या रीतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वाटे एकत्र जुळविताच किल्ली कोठेतरी अखंड प्रकटते, आणि तो क्षण चोराला सोयीचा असतो. इव्हो देस्मेट व यायर फ्रँकेल ह्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वाटेकरी आपापल्या वाट्यानिशी उकलीचे अंशकार्य करतात व किल्ली कधीच जुळवावी लागत नाही. दुसरी मर्यादा मात्र गणिताच्या आवाक्यातील नाही. चार क्लाउडांची खाती एकाच कर्मचाऱ्याच्या एकाच परवलीच्या शब्दाने उघडत असतील, तर वाटे चार असूनही राखणदार एकच राहतो. बिशप, धर्मगुरू व गृहस्थ ह्यांची निवड करताना तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर जे जाणले होते, तेच आजही खरे आहे : संख्येची वाटणी सूत्राने होते; विश्वासाची वाटणी परस्परांपासून खरोखर स्वतंत्र असलेल्या माणसांतच करावी लागते.