उपनगरी रेल्वेतील अपघात : नोंद व निवारण (मुंबई)

उपनगरी रेल्वेवरील अपघातांचे दोन ठळक वर्ग पडतात. टक्कर, रुळांवरून घसरणे, आग इ. गाडीला होणारे अपघात हा एक. गाडीतून पडणे, रूळ ओलांडताना धडक बसणे, फलाट व डबा यांमधील फटीत सापडणे इ. व्यक्तीला होणारे अपघात हा दुसरा. पहिल्या वर्गाच्या चौकशीची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. दुसऱ्या वर्गात मुंबईत कितीतरी पट अधिक माणसे मरतात. परंतु तिकडे व्यवस्थेचे लक्ष फार उशिरा गेले.

अपघात-चौकशीच्या पद्धतीचा उगम ब्रिटनमध्ये आहे. १८४० च्या अधिनियमान्वये व्यापार मंडळाने रेल्वे-निरीक्षक नेमले. ते लष्कराच्या अभियंता दलातील अधिकारी असत. त्यांना कंपन्यांवर सक्ती करण्याचा अधिकार जवळजवळ नव्हता. त्यांचे अहवाल प्रसिद्ध होत, हेच त्यांचे बळ होते. १८७१ च्या अधिनियमाने अपघातांची माहिती कळविणे कंपन्यांवर बंधनकारक केले व चौकशीचा पाया पक्का केला. आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी झालेल्या अपघातात सुमारे ८० माणसे दगावली. त्यानंतर त्याच वर्षी खंड-पद्धती, काटे व सिग्नल यांची परस्परबद्धता आणि सलग ब्रेक या तीन गोष्टी कायद्याने सक्तीच्या झाल्या. निरीक्षक त्यांची शिफारस कित्येक वर्षे करीत आले होते. एका दिवसाच्या मृतांनी मात्र ती मान्य करवून घेतली. एकाच ठिकाणी, एकाच वेळी झालेले मृत्यू कायदा बदलतात आणि एकेकटे विखुरलेले मृत्यू तक्त्यात पडून राहतात, हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत चिवट दोष होय.

भारताने हीच चौकट उचलली. येथील निरीक्षक-वर्ग १९४१ मध्ये रेल्वे मंडळाच्या नियंत्रणाखालून काढून घेण्यात आला व १९६१ मध्ये त्यास रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळाले. जो गाड्या चालवितो त्यानेच स्वतःची चौकशी करू नये, या तत्त्वानुसार हा आयोग नागरी विमानवाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेला आहे. मात्र त्याची वैधानिक चौकशी मुख्यत्वे प्रवासी गाडीला झालेल्या गंभीर अपघातांची असते. दारातून निसटून पडलेला प्रवासी सामान्यतः तिच्या कक्षेत येत नाही.

त्याची नोंद निराळ्या वाटेने होते. मोटारमन, गार्ड किंवा सहप्रवासी यांच्याकडून वार्ता येताच स्टेशनमास्तर ‘मेमो’ लिहितो. हमाल जखमीस स्ट्रेचरवरून आणतात. मृत्यू झाल्यास लोहमार्ग पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात. पुढे वर्षाच्या तक्त्यात तो मृत्यू रूळ ओलांडणे, गाडीतून पडणे, खांबास आपटणे, फटीत पडणे, विजेचा धक्का, आत्महत्या, नैसर्गिक कारण यांपैकी एका रकान्यात जातो. रात्री रुळांवर सापडलेला मनुष्य गाडीतून पडला की रूळ ओलांडीत होता, हे पुष्कळदा पाहणारे कोणी नसते. तरीही रकाना भरावाच लागतो.

या रकान्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने गाडीतून अपघाताने पडणे ही ‘अनुचित घटना’ ठरली व तिकीटधारक प्रवाशास रेल्वेचा दोष सिद्ध न करता भरपाईचा हक्क मिळाला. रूळ ओलांडणारा मात्र कलम १४७ अन्वये अपराधी ठरतो. चढण्याच्या प्रयत्नात पडणेही अनुचित घटनाच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. घाईत लिहिलेला मेमोतील एक शब्द विधवेच्या दाव्याचा निकाल फिरवू शकतो, ही गोष्ट नोंद ठेवणाऱ्यांना पुरेशी ठाऊक असते असे वाटत नाही.

आकडेही एकमताचे नाहीत. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या अहवालात देशात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० आणि त्यांपैकी एकट्या मुंबई उपनगरी क्षेत्रात सुमारे ६,००० मृत्यू होतात असे म्हटले. लोहमार्ग पोलिसांचा त्या काळचा, सर्व कारणांचा मिळून आकडा ३,५०० च्या आसपास होता. याच पोलीस-नोंदीनुसार २०१५ मध्ये सुमारे ३,३००, तर २०२४ मध्ये सुमारे २,५०० मृत्यू झाले. २०२० मध्ये महामारीमुळे लोकलसेवा सामान्य प्रवाशांना बंद होती. त्या वर्षी संख्या सुमारे १,१०० वर आली. हा शेवटचा आकडा सुधारणेचे गमक म्हणून कोणी वापरू नये.

जेथे कारणाचा रकाना नीट वाचला गेला, तेथे उपाय सापडले. वडाळ्यानजीक २००९–१० च्या सुमारास केलेला एक प्रयोग यादृष्टीने उल्लेखनीय आहे. रूळ ओलांडणाऱ्यास येणाऱ्या मोठ्या गाडीचा वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो, हे ध्यानात घेऊन काही स्लीपर पिवळे रंगविण्यात आले. एका लांब कर्ण्याऐवजी दोन तुटक कर्णे वाजविण्यास सांगितले गेले, आणि नियमांच्या पाट्यांऐवजी धडकेच्या क्षणी भेदरलेल्या माणसाची छायाचित्रे लावली गेली. खर्च नगण्य होता. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर येथे फटीत सापडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेल्यानंतर फलाटांची उंची वाढविण्याच्या कामास वेग आला. फटीचे प्रकार तक्त्यात त्यापूर्वीही होतेच. कुंपणे, पादचारी पूल व सरकते जिने वाढले. परंतु २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड येथे पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले, तेव्हा रूळ टाळणाऱ्यांसाठीची वाटही अपुरी असल्याचे उघड झाले.

गाडीतून पडण्याचे मूळ गर्दीत व उघड्या दारांत आहे. आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली–चर्चगेट मार्गावर प्रथम धावली; साध्या डब्यांची दारे मात्र उघडीच राहिली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळील वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले व त्यांपैकी काही दगावले. त्यानंतर साध्या डब्यांनाही मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. दारे मिटल्यास दाटीत प्राणवायू कमी पडेल, ही जुनी अडचण होती. म्हणून दारांना झडपा ठेवणे, छतावरून हवा आत घेणे व गर्दी विभागली जावी यासाठी डबे आतून जोडणे, असे तीन बदल नव्या रचनेत योजण्यात आले.