सर्व्हर-स्क्रिप्ट दोषनिवारण

वेब सर्व्हरवर ठेवलेली स्क्रिप्ट चालत नसेल, तर त्याचे कारण शोधून ते दूर करण्याची पद्धत. सर्व्हर आणि बाहेरचा प्रोग्रॅम यांच्यातील देवाणघेवाणीचा सीजीआय हा संकेत १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत आकाराला आला. पीएचपी ही स्क्रिप्ट-भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्थानिक संदर्भ : संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रे सुरू करण्यात कल्याण-डोंबिवली महानगरपालिका राज्यात अग्रेसर होती, तिचे प्रारूप पुढे इतर पालिकांसाठीही स्वीकारले गेले. ठाण्यातही मालमत्ता कर ऑनलाइन भरता येतो. अशा सेवेत स्क्रिप्ट बंद पडली की नागरिकांची कामे खोळंबतात, म्हणून दोष लवकर सापडणे फार महत्त्वाचे.

लक्षणे : ४०४ म्हणजे फाइल त्या पत्त्यावर नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ५०० म्हणजे सर्व्हरवर बिघाड, पण कोणता ते ब्राउझरला कळत नाही. पानाऐवजी कोडच दिसू लागला, तर स्क्रिप्ट ती चालवणाऱ्या इंटरप्रिटरपर्यंत पोहोचलेलीच नसते. त्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो. म्हणून आधी पान बंद करावे, मग कारण शोधावे.

तपासणी : सर्वांत आधी एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. त्यानंतर स्क्रिप्ट कमांड लाइनवर, शक्यतो सर्व्हरच्याच युजरखाली, चालवून पाहावी. सीजीआय स्क्रिप्टला साधारणतः ७५५ परवानगी लागते. घाईत ७७७, म्हणजे सर्वांना बदल करण्याची मुभा, देणे धोक्याचे. अपाची या वेब सर्व्हरची सुएक्झेक ही सुरक्षा-व्यवस्था तर इतरांना बदलता येणारी स्क्रिप्ट चालवतच नाही. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते. ते पहिल्या ओळीतील इंटरप्रिटरच्या पत्त्याला चिकटले, की लिनक्सला इंटरप्रिटर सापडत नाही.

मराठी मजकूर : देवनागरी मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करताना काही एडिटर, विशेषतः जुने नोटपॅड, सुरुवातीला बॉम हे तीन बाइटांचे अदृश्य चिन्ह घालतात. पीएचपी ते मजकूर समजून हेडरच्या आधीच पाठवते, आणि लॉगिनच्या किंवा दुसऱ्या पानावर नेण्याच्या टप्प्यावर ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी चूक येऊ शकते. फाइल बॉमविना पुन्हा जतन करणे हाच उपाय.

दक्षता : एका वेळी एकच बदल करावा आणि तो आधी चाचणी-सर्व्हरवर तपासावा. चालू सेवेत चुकांचे संदेश लॉगमध्ये नोंदवावेत, नागरिकांच्या पडद्यावर दाखवू नयेत.