धम्मलिपीतील ‘लिपि’ आणि विस्मृत एलामी लोक

प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा. येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली त्याच परिसरात सापडला. अशा लेखांना अशोक ‘धम्मलिपि’ म्हणतो. हा शब्द आपण इतक्या आपलेपणाने उच्चारतो की, त्यातील ‘लिपि’ कोठून आली हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

वायव्येकडील शाहबाजगढी व मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत हाच शब्द ‘दिपि’ असा आढळतो. हे रूप इराणातील हखामनी राजांच्या प्राचीन पारसी भाषेतील ‘दिपि’शी तंतोतंत जुळते. पारसीने तो एलामी ‘तुप्पि’वरून, एलामीने अक्कादी ‘तुप्पु’वरून आणि अक्कादीने सुमेरी ‘दुब्’वरून घेतला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. दुब् म्हणजे लेखनाची मातीची पाटी.

हे एलामी लोक कोण? आजच्या इराणच्या नैर्ऋत्य भागात सूसा व अन्शान ही त्यांची प्रमुख केंद्रे होती. आपल्या देशाला ते ‘हल्तम्ती’ म्हणत. इ. स. पू. तेराव्या शतकात उन्ताश-नापिरिशा या राजाने चोगा झन्बिल येथे भव्य पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर उभारले. पुढच्या शतकात त्यांनी बाबिलोनियातून जी स्मारके लुटून आणली, त्यांतच हम्मुराबीची संहिता कोरलेला स्तंभ असावा; तो १९०१-०२ मध्ये सूसा येथेच सापडला. इ. स. पू. ६४७ च्या सुमारास असुरी राजा असुरबनिपाल याने सूसा उद्ध्वस्त केले.

राज्य गेले, पण भाषा जेत्यांच्या दप्तरात टिकली. दारयवहु राजाचा बेहिस्तून येथील लेख एलामी, बाबिली व पारसी अशा तीन भाषांत आहे आणि त्यांत एलामी पाठ प्रथम कोरला गेला. पर्सेपोलिस येथे १९३३-३४ मध्ये सापडलेल्या हजारो मृत्तिकापाट्यांवर मजुरांच्या व वाटसरूंच्या शिध्याचे हिशेब प्रामुख्याने एलामीतच आहेत. त्या वाटसरूंत भारतीयही होते. गंधार व सिंधूचा प्रदेश तेव्हा त्याच साम्राज्यात होता. तेव्हा कारकुनांचा हा शब्द आपल्याकडे कोणत्या वाटेने आला, हे उघड आहे. गंधारच्या पाणिनीला ‘लिपि’ व ‘लिबि’ ही दोन्ही रूपे ठाऊक आहेत.

एलामी भाषेचे द्राविड भाषांशी नाते आहे, असा सिद्धांत डेव्हिड मॅकअल्पिन यांनी मांडला. तो आपल्याला सुखावणारा असला तरी बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही. पुराव्यापुढे आवड नेऊ नये, ही बुद्धांचीच शिकवण आहे. शिवाय नाते केवळ वंशाचेच असते, असे आपण का मानावे? एका शब्दाने जोडलेले ज्ञानाचे नाते अधिक निश्चित आणि अधिक मोलाचे आहे.

या नात्याला आधुनिक काळातही एक दुवा आहे. शाहबाजगढीच्या लेखाचे प्रारंभिक वाचन १८४६ साली प्रसिद्ध करणारे एडविन नॉरिस यांनीच बेहिस्तूनच्या एलामी पाठाचे वाचन १८५५ साली प्रसिद्ध केले.

हखामनी साम्राज्य संपले आणि एलामी लेखनही संपले. दगडावर अक्षरे होती. वाचणारे उरले नव्हते. आपल्या ब्राह्मीचीही तीच गत झाली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती वाचली, तेव्हा अशोक पुन्हा बोलू लागला. सम्राटाने शिळेवर कोरले म्हणून काही टिकत नाही. पिढीने पिढीला वाचायला शिकवले तरच टिकते.

सोपाऱ्याचा आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवी मुंबईहून तेथे जाणे एका दिवसाचे काम. पालीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ब्राह्मीची वर्णमाला शिकून मगच तेथे जावे आणि ती अक्षरे स्वतः वाचावीत.