वाण, किरण आणि निवड

प्रतिजैविकांच्या कारखान्यात नजरेत भरतात त्या उंच टाक्या. पण हा सारा पसारा ज्याच्या जिवावर चालतो, तो बुरशीचा वाण बोटाएवढ्या काचेच्या नळीत मावतो. उत्परिवर्तन घडवून हा वाण सुधारण्याचे शास्त्र या पुस्तकात मांडले आहे.

पेनिसिलिनचा इतिहास हा या शास्त्राचा पहिला धडा. १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे बुरसलेल्या खरबुजावर पेनिसिलियमचा एक गुणी वाण सापडला. त्याच्या निवडक संततीवर क्ष-किरण सोडून एक्स-१६१२ हा वाण मिळाला. मिलीलिटरमागे सुमारे ५०० युनिट पेनिसिलिन देणारा. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यावर अतिनील किरणांचा प्रयोग झाला आणि क्यू-१७६ हाती आला. उत्पादन ९०० युनिटांच्या घरात गेले. पुढे औषधाला पिवळेपणा आणणारे रंगद्रव्य गमावलेला वाणही निवडला गेला आणि शुद्धीकरण सोपे झाले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हापासून हे शास्त्र आपल्याही दारात आहे.

किरणांना दिशा कळत नाही. बीजाणूंच्या द्रावणावर अतिनील किरण सोडले की बहुसंख्य बीजाणू मरतात. जगलेल्यांपैकी बहुतेक होते तसेच राहतात, काही बिघडतात, एखादाच सुधारतो. तो एखादा ओळखणे हेच आपले खरे काम. प्रत्येक वसाहत वेगळी वाढवायची, तिचा रस जिवाणू पेरलेल्या आगरातील खळग्यात घालायचा आणि भोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे. मोठे वर्तुळ दिसले म्हणून हुरळून जायचे नाही. तोच वाण पुन्हा पुन्हा तपासायचा, कारण मोजणीतली चूक आणि खरा गुण पहिल्या भेटीत सारखेच दिसतात.

अनेक दशकांनी जनुके वाचता आली, तेव्हा भरघोस उत्पादन देणाऱ्या कित्येक वाणांत पेनिसिलिनच्या जनुकसमूहाच्या एकाहून अधिक प्रती आढळल्या. आत काय बदलले हे ठाऊक नसतानाही काटेकोर निवडीने नेमके तेच वाण वर आणले होते. आज जनुकांत हवा तो बदल करता येतो, तरी कोणता बदल टाकीत टिकेल हे चाचणीच ठरवते. म्हणून या पुस्तकात किरणांपेक्षा मोजमापाला अधिक पाने दिली आहेत. ती प्रयोगशाळेत, हाताशी वही ठेवून वाचावीत.