ठाणावरचं टिकीट आणि अंकांचा छाप

पापड-मसाल्याचा घरगुती व्यवसाय सुरू करणाऱ्या बाईपुढे आज एक प्रश्न हमखास येतो: पाकिटावर छापील लेबल लावावं, की शिक्का मारावा? मुंबईच्या कापडबाजाराने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत कागदी टिकिटं चिकटवलेली असत. कशावर लक्ष्मी, कशावर हत्ती, कशावर वाघ. गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, चित्र ओळखून ते आपला माल मागे. शिळाप्रेसवर अनेक रंगांत छापलेली ही टिकिटं इतकी देखणी असत, की संग्राहक आजही ती जपतात.

पण ठाणाची लांबी? ती चित्रात कशी सांगणार? १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने प्रत्येक ठाणावर लांबी यार्डांत, इंग्रजी आकड्यांत ठळकपणे छापणं बंधनकारक केलं. म्हणजे ओळख टिकिटावर, मोजमाप शिक्क्याने थेट कापडावर. कागद फाटेल, निघेल. कापडावरचा आकडा सहज निघत नाही. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

पुढे साधनं बदलली. १९३५ मध्ये अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी स्वतः चिकटणारी लेबलं काढली, तर स्वतःच शाई घेणाऱ्या शिक्क्याने वेगळ्या शाईपॅडची गरज संपवली.

घरगुती व्यावसायिकांनी म्हणूनच नाव, चित्र आणि घटकपदार्थ लेबलवर एकदम छापून घ्यावेत. बॅच क्रमांक आणि तारीख दर खेपेला बदलतात. त्यासाठी तारखेचा शिक्का घ्यावा. मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीवर साधी शाई पुसली जाते, तेव्हा शिक्का लेबलच्या कोऱ्या कागदी चौकटीतच मारा.