मोफत पतअहवाल: मागावा कसा, वाचावा कसा

सातारा/सांगली : घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागावयास गेलेल्या अनेकांना ‘तुमचे सिबिल बसत नाही’ एवढेच सांगून परत पाठविले जाते. सिबिल हे वस्तुतः सन २००० मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. तिच्यासह एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या २००५ च्या पतमाहिती कायद्याखाली कर्जदारांच्या नोंदी ठेवतात. या नोंदींचा संपूर्ण अहवाल, ३०० ते ९०० मधील गुणांकासह, प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून कर्जदारास आहे. म्हणजे वर्षाकाठी चार अहवाल. दर तिमाहीस एक मागविल्यास वर्षभर लक्ष राहते.

अहवाल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच मागवावा. पत्ता न्याहाळकात स्वतः टाइप करावा. संदेशातून आलेल्या दुव्यावर टिचकी मारू नये. नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढ्यावर ओळख पटते. मोफत अहवालासाठी कार्डाचा क्रमांक लागत नाही. तो मागितला गेल्यास आपण सशुल्क योजनेच्या पानावर गेलो आहोत, किंवा बनावट पानावर, असे समजून मागे फिरावे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थास ओटीपी मुळीच देऊ नये. खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार कोणासही नाही.

खरे काम अहवाल हाती आल्यावर सुरू होते. साताऱ्यात १९३६ मध्ये स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, तर १९१६ ची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. त्यापूर्वी घेतलेले दीर्घ मुदतीचे गृहकर्ज आज नव्या बँकेच्या नावाने दिसू शकते. तेवढ्यावरून फसवणूक झाली असे समजू नये. कर्ज फिटूनही खाते चालू दिसत असेल, तर मात्र नव्या बँकेकडेच दाद मागावी लागते, आणि तेव्हा ना-देय दाखला उपयोगी पडतो. तो नेमका सापडत नाही, हा भाग वेगळा! कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. परवाना गेल्याने कर्ज माफ होत नाही. अवसायकास त्याची वसुली करता येते. तेथील कर्जदारांनी व जामीनदारांनी आपल्या नोंदी अवश्य तपासाव्यात.

जामीनदारांचा उल्लेख मुद्दाम केला. सहकाराच्या या पट्ट्यात पाहुण्यारावळ्यांच्या आणि भावकीतल्या माणसांच्या कर्जास जामीन राहणे हा शिरस्ता आहे. ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही येते आणि मूळ कर्जदार थकला की झळ त्यालाही बसते. एकरकमी परतफेड योजनेत काही रक्कम सोडून तडजोड झाली असेल, तर खात्यापुढे ‘बंद’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडू शकतो व पुढील कर्ज अडू शकते. बँका ही बाब तडजोडीच्या वेळी ठळकपणे सांगत नाहीत.

चूक आढळल्यास त्याच कंपनीकडे ऑनलाइन हरकत नोंदवावी. निवारण ३० दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे तक्रारीचा क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे निःशुल्क तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा दूरध्वनी आहे. आपल्या नावे अनोळखी कर्ज दिसल्यास संबंधित बँकेस लेखी कळवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार द्यावी.